नगरकर

स्मरणिकेसाठी लिहावयास बसलो आणि प्रथम आठवली ती एक हाक. १९८८ साली अकोले तालुक्यातील खेड्यातून मी औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात दाखल झालो. वसतिगृहात पहिल्याच संध्याकाळी नाव मिळाले : ‘नगरी’. शेजारी परभणीकर, समोर लातूरकर. नगर शहर मी तोवर एसटीच्या खिडकीतूनच पाहिलेले. तरीही त्या हाकेने सुखावलो. गावात आमच्या वस्तीची ओळख जातीनेच होई. गावकुसाबाहेरच्या माणसास गावाचे नाव कोण लावणार?

माझे चुलते मुंबईत गिरणी कामगार होते. त्यांना तेथे ‘घाटी’ म्हणत. घाटावरून आलेला, इतकाच त्या शब्दाचा मूळ अर्थ. पण हाक मारणाऱ्याच्या ओठांवर त्याचा ‘अडाणी’ होई. चुलते ती हाक ऐकून ओ देत, परंतु मान वर करीत नसत.

पुढे इतिहास शिकताना ‘कर’ या प्रत्ययाचे मोल उमगले. बाबासाहेबांचे घराणे सकपाळ. शाळेत आडनाव लागले ते आंबडवे या गावावरून. आपले शहर १४९०च्या सुमारास अहमद निजामशाहाने वसविले. २०२४ साली त्यास चौंडीत जन्मलेल्या अहिल्यादेवींचे नाव मिळाले. बोलताना मात्र आपण ‘नगर’लाच जातो आणि तेथला माणूस ‘नगरकर’च राहतो. या शब्दात ना राजा, ना जात. हा येथला, एवढीच साक्ष.

काही वर्षांपूर्वी आपल्या वसतिगृहात पाथर्डीकडील एक मुलगा आला. आईवडील ऊसतोडीला. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात. मुलांनी त्यालाच ‘कोयता’ म्हणावयास आरंभ केला. एके रात्री त्याने विचारले, “सर, आम्ही सहा महिने फडावर असतो. मग मी कुठला?”

मी कोणावर रागावलो नाही. दुसऱ्या दिवशी तासाला चुलत्यांची गोष्ट सांगितली. वर्ग गप्प होता. त्या सायंकाळी जेवणाच्या पंगतीत कोणीतरी हाक दिली, “ए पाथर्डीकर, इकडे बस!” तो ताट घेऊन उठला.

माजी विद्यार्थ्यांनो, येथे तुम्ही एकमेकांना किती नावे ठेवलीत! त्यांतील ज्या नावाने आजही मान वर होते, तेवढे जपा. जय भीम.