मिठाची पोती

सांगलीतील त्या बंगल्याच्या फाटकाशी मिठाची चार पोती उतरली, तेव्हा व्हरांड्यात बसलेले अण्णा अस्वस्थ झाले. शिरोळ तालुक्यातील त्यांची वडिलार्जित जमीन अतिपाण्याने क्षारपड झाली होती. उसाच्या सरींवर चढलेला पांढरा थर त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

"ज्या मिठाने आपले शेत नेले, तेच तू विकत आणतोस?" त्यांनी मुलाला विचारले.

मुलाचीही बाजू होती. घरच्या जलतरण तलावासाठी क्लोरीनची पावडर आणि ॲसिड एकाच खोलीत ठेवलेले असे. ही दोन एकत्र आली, तर विषारी वायू निघतो. महिन्यापूर्वी पावडरचा डबा उघडताना माळ्याला असा ठसका लागला, की तो बराच वेळ पायरीवर छाती धरून बसला होता.

"अण्णा, तो डबा पुन्हा त्याच्या हाती द्यायला माझे मन धजत नाही," मुलगा म्हणाला.

मग त्याने नव्या यंत्रणेचा हिशेब मांडला. तलावात ५० हजार लिटर पाणी. लिटरला साडेतीन ग्रॅमप्रमाणे १७५ किलो मीठ. समुद्राच्या खारटपणाच्या हे जेमतेम दहावा भाग. गाळणीपुढच्या नळात धातूच्या पट्ट्यांची पेटी बसते. तिच्यातून वीज वाहू लागली, की खाऱ्या पाण्यातूनच क्लोरीन तयार होतो आणि आपले काम करून बहुतांशी पुन्हा मिठाच्या रूपात पाण्यात उरतो.

"म्हणजे क्लोरीन सुटत नाहीच."

"नाही. फक्त त्याचा साठा घरात राहत नाही. पाण्याचा सामू मात्र चढत जातो. त्यासाठी थोडे ॲसिड लागेलच. ते मी स्वतः घालीन."

सामू हा शब्द अण्णांना माती परीक्षणामुळे परिचित होता. क्षणभर थांबून त्यांनी विचारले, "आणि गाळणी धुतलेले पाणी कोठे जाते?"

मुलगा निरुत्तर झाला. पाणी वाया जाऊ नये म्हणून त्यानेच ते नळीने आंब्याच्या आळ्यात सोडले होते. तो आंबा त्याच्या दिवंगत आईने लावलेला होता.

काम आठ दिवस थांबले. वाळूच्या गाळणीऐवजी काढून धुता येणारी काडतुसाची गाळणी आली. तिला पाणी पुष्कळ कमी लागते. तेवढे धुवणही गटाराकडे वळवले. आंब्याची नळी अण्णांनी स्वतः उपटून काढली.

यंत्र बंद ठेवून, पंप चालू करून मीठ ओतले गेले. ते पूर्ण विरघळल्यावर दुसऱ्या दिवशी विजेचे बटण दाबले. अर्धे पोते उरले. ते कोरड्या जागी, जमिनीपासून उंच फळीवर ठेवावे, असे अण्णांनी माळ्याला बजावले.

आता दर रविवारी सकाळी मुलगा तलावाचा सामू तपासतो. अण्णा त्याच वेळी आंब्याखाली जातात आणि पानांच्या कडा करपल्या नाहीत ना, हे पाहून येतात.