भागिले सत्त्याऐंशी

चाळिशी लागली की माणसं एकतर देवाला लागतात, नाहीतर शेअरबाजाराला. मी इंजिनाला लागलो. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहिलं आणि खेडला परतेपर्यंत बाधा झाली होती.

एका स्नेह्याकडून जुनं अमेरिकन डिझेल इंजिन मिळवलं. प्रमाण 1:87. म्हणजे जगातल्या कुठल्याही वस्तूला 87ने भागायचं, बी.कॉम.चा एवढा उपयोग मला बँकेतसुद्धा झाला नव्हता. त्याचं मला आपलं डब्ल्यूडीएम-2 करायचं होतं. 26 जानेवारी 1998ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली, त्या दिवसांत बाबांबरोबर खेड स्टेशनावर पाहिलेलं.

तीन रविवार नुसता रंग दिला आणि ऐटीत ते बाबांच्या हातात ठेवलं. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेलीय, हे मी रंगाच्या नादात विसरलोच होतो! त्यांनी बोटं फिरवली. म्हणाले, "अरे, हे नव्हे ते. याचं नाक बसकं. आणि बफर कुठायत?"

बँकेतल्या ऑडिटरनेही इतक्या लवकर चूक काढली नव्हती. दोन्ही इंजिनं अल्को कंपनीच्याच आराखड्यांची, म्हणजे तशी चुलतभावंडं. पण आपल्याचं नाक थेट कपाळाला भिडलेलं. मी करवतीने नाक कापलं, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचं नवं उंच नाक चिकटवलं, कानशीने घासलं. थोडं माझं बोटही घासलं. जुन्या वायरीतल्या तांब्याच्या तारेचे कठडे केले. बफरना टिचबटणं अगदी मापात बसली.

"माझे ब्लाउज आता रुळावर धावणार वाटतं!" सौभाग्यवती म्हणाल्या.

हिशेब एकाच ठिकाणी अडला. आपल्या रुळांमधलं अंतर 1676 मिलिमीटर. भागिले 87, म्हणजे 19.26. मॉडेलचं 16.5. तूट 2.76! बँकेत एक रुपया जुळला नाही तर आम्ही रात्री आठपर्यंत बसतो. शेवटी ती तूट सस्पेन्स खात्यात टाकली.

परवा इंजिन पुन्हा बाबांना दिलं. 2022मध्ये विद्युतीकरण पूर्ण झाल्यापासून 'पूर्वीची धडधड ऐकू येत नाही' हे त्यांचं गाऱ्हाणं. बोटं नाकावरून चढली, कठड्यावरून सरकली, टिचबटणांवर थांबली. बराच वेळ थांबली. मी श्वास रोखून उभा.

"हां, हेच ते," बाबा म्हणाले. मग खिडकीत नख घालून चाचपलं. "पण ड्रायव्हर कुठाय रे? त्या दिवशी त्याने आपल्याला हात केला होता."

तूर्त मी पाच फूट आठ इंचांना 87ने भागतोय. दोन सेंटिमीटरांचा माणूस होतोय, आणि त्याचा हात वर हवा.