पाच गुणांचा लेख

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या बारावीच्या इंग्रजी प्रश्नपत्रिकेत लेख लिहिण्याचा प्रश्न असतो. मर्यादा १२० ते १५० शब्दांची, गुण ५. मथळा द्यावयाचा, त्याखाली लेखकाचे नाव. बहुधा ते नावही प्रश्नातच दिलेले असते. परीक्षार्थीने स्वतःचे नाव लिहावयाचे नसते.

नाव आपले नाही, तेव्हा शब्दही आपले नसले तरी चालेल, हा सोयीचा समज येथूनच जन्मतो. मार्गदर्शकांतील तयार परिच्छेद पाठ होतात. विषय प्लास्टिकचा असो वा अन्नाच्या नासाडीचा, प्रारंभ आणि उपसंहार तेच राहतात.

एका भुसार व्यापाऱ्याच्या मुलीने सरावासाठी अन्नाच्या नासाडीवर असाच लेख लिहिला. भाषा निर्दोष होती. आजोबांनी मराठीतून अर्थ ऐकला आणि विचारले, "बाळ, यात आपल्या दुकानातले काय आहे?" पोत्यातून सांडलेले धान्य रोज सायंकाळी हलक्या हाताने झाडावे, जीवजंतू पाहून चाळावे आणि पाखरांसाठी वेगळे ठेवावे, हा त्या घरचा शिरस्ता. लेखात तो कोठेच नव्हता. तिने तो पुन्हा लिहिला. या वेळी इंग्रजी अडखळले, दोन ठिकाणी क्रियापदाचा काळ चुकला. गुण जातील, ही तिची भीती खोटी नव्हती. परंतु चुकलेला काळ शिक्षकांना दुरुस्त करता येतो. न पाहिलेली गोष्ट पाहिल्यासारखी लिहिण्याची सवय जडली, तर ती सुटणे कठीण.

अचौर्य हे श्रावकाचे तिसरे अणुव्रत. दुसऱ्याच्या मालावर आपली छाप मारू नये, हे पेढीवर कोणाला सांगावे लागत नाही. शब्दांच्या बाबतीत मात्र तीच दक्षता गुणांच्या ओढीने सैल पडते.

सोलापूरच्या हिराचंद नेमचंद दोशी यांनी १९व्या शतकाच्या उत्तरार्धात 'जैन बोधक' सुरू केले. व्यापारी समाजाने आपले विचार आपल्याच शब्दांत छापण्याची परंपरा इतकी जुनी आहे. तिचा वारसा परीक्षेच्या त्या दीडशे शब्दांतही जपता येईल. त्यासाठी वडीलधाऱ्यांनी मुलांना केवळ शिकवणीचे शुल्क देऊन थांबू नये. बाजारातील तेजी-मंदी, हमालांचे कष्ट, उधारीचे व्यवहार यांविषयी त्यांच्याशी बोलावे. लिहावयास आशय मिळाला, की पाठांतराची गरज आपोआप कमी होते.