न उगवलेले तण

माझ्या प्रथम वर्षाची फी भांगलणीच्या पैशांतून भरली गेली. कऱ्हाडकडच्या आमच्या गावी आई पावसाळाभर दुसऱ्यांच्या सोयाबीनमध्ये खुरपे चालवते. संध्याकाळी ओटीतून घोळ नाहीतर तांदुळजा आणते. मालकांच्या लेखी ते तण. आमच्या घरी ती भाजी.

गेल्या जूनमध्ये मी सुट्टीला घरी होतो. पेरणी उरकली त्याच संध्याकाळी मळ्याचे मालक दारात आले. "उद्या औषध मारायला येतोस का? हजेरी देतो." मला पुस्तके घ्यायची होती. मी हो म्हटले.

औषधाचे नाव पेंडिमिथॅलीन. नारिंगी-पिवळे, उग्र वासाचे. एकरी साधारण सव्वा लिटर, दोनशे लिटर पाण्यातून. पेरणीनंतर, पण काही उगवण्याआधी, दोन दिवसांच्या आत मारायचे. जमिनीत ओल हवी. तणाचे बारीक बी वरच्या थरातच रुजते. कोंबाला औषध लागले की त्याच्या पेशींचे विभाजन थांबते आणि तो मातीतच जिरतो. सोयाबीनचे बी खाली असते, म्हणून ते निभावते. फवारलेला थर मोडू नये यासाठी मागे मागे चालायचे. दोन एकरांना पंचवीस पंप झाले. दिवसभर मी उलटा चालत होतो आणि समोर नुसते काळे, ओले रान. आपण काय मारले, हेही दिसत नव्हते.

शेवटच्या पंपाला हिशेब सुचला. याच रानात पहिल्या भांगलणीला आठ बायका चार दिवस असत, त्यांत आई. मालकांना तरी काय बोलावे? भर हंगामात बायका मिळत नाहीत, हे त्यांचे रडगाणे खोटे नाही.

घरी मी काही सांगितले नाही. आईने माझे पिवळे हात पाहिले. "साबणानं जायचं न्हाई ते. राखेनं घास," म्हणाली.

त्या हजेरीतून मी अर्थशास्त्राचे पुस्तक आणले.

महिना लोटला तरी मळ्यातून बोलावणे नाही. मग निरोप आला, लव्हाळा माजलाय, दोन बायका पाहिजेत. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत असतात; त्यांना हे औषध लागू पडत नाही. आई दीड दिवस जाऊन आली. ओटी रिकामी होती.

"घोळीची काडी न्हाई रं रानात," म्हणाली आणि चुलीवर डाळीचे आधण ठेवले.