पाणी कुणाला, किती

दिल्लीत बदलीवर आलेल्या मराठी घरांत तुळशीखालोखाल मान असायचा रबराच्या झाडाला. सरोजिनीनगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये त्याची एक कुंडी बैठकीत होती, एक व्हरांड्यात. आई पाणी घालण्याआधी मातीत पेरभर बोट खुपसायची. बोटाला माती चिकटली की तांब्या तसाच परत. लू सुरू झाली की व्हरांड्यातल्या कुंडीला रोज उन्हाआधी पाणी; बैठकीतल्या कुंडीला आठवड्यातून एकदा-दोनदा. जानेवारीच्या धुक्यात मात्र दोन्हींना उपासच. त्या गारठ्यात माती ओली राहिली की मुळं कुजतात.

बाबांना गुटी बांधायचा नाद. साल काढली की पांढरा चीक ठिबकायचा. तो पुसून, ओलं शेवाळ लावून वर प्लास्टिक गुंडाळायचे. अशी एक गुटी त्यांनी क्वार्टरमागच्या जमिनीत लावली. सुरुवातीचे उन्हाळे तिला बादलीनं पाणी घातलं, पुढं तिनं आमच्याकडं काही मागितलं नाही. बघता बघता ती छपरापर्यंत गेली. आता ते क्वार्टरही उरलेलं नाही. तिथं मनोरे आलेत.

हे झाड मूळचं आसाम-मेघालयाच्या बाजूचं. टायरचं रबर देणारं केरळातलं झाड वेगळं, ते ब्राझीलहून आलेलं. आपलं हे वड-पिंपळाच्या गोतातलं. खासी लोक त्याचीच मुळं ओढ्यांवरून वळवून जिवंत पूल घडवतात. चेरापुंजीला वर्षाला ११,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. दिल्लीत जेमतेम ७००-८००, तोही बहुतेक पावसाळ्यातच. तरी ते इथं तगतं, कारण जाड, तुकतुकीत पानं पाणी जपून वापरतात आणि जमिनीत मुळं लांबवर ओल हुडकतात. कुंडीत तीच मुळं गोल गोल फिरत बसतात. त्यांना हुडकायला जागा नाही, म्हणून ते काम आपल्या बोटाला करावं लागतं.

आता नोएडातल्या फ्लॅटमध्ये पाणी जड. कुंडीच्या काठाला पांढरा थर धरतो. त्यामुळं पावसाचं साठवून घालते. दिवाळीनंतर हवा बिघडली की मुळांपेक्षा पानांनाच पाणी जास्त लागतं: ओल्या फडक्यानं पुसलं की फडकं काळं होतं.

शेजारणी विचारतात, 'पाणी कुठल्या वारी घालायचं?' मी उलट विचारते, कुंडी केवढी, खिडकी कुठल्या दिशेला, महिना कोणता? आणि कुणाची गावाकडं जमीन असेल तर सांगते, तिथंच लावून टाका. फक्त घरापासून चांगलं लांब. ही मुळं पाण्याच्या शोधात निघाली की भिंत बघत नाहीत.