बोटावरचा आंबा

आमच्या मातोश्रींना मधुमेह आहे. घरात आम्ही कोकणी बोलतो. त्या भाषेत या व्याधीला 'गोडेंमूत' असे रोखठोक नाव आहे, आणि पूर्वी परीक्षाही त्याचीच होत असे. बेनेडिक्टचे निळे द्रावण मूत्रासह उकळले, की साखरेच्या प्रमाणात ते हिरवे, पिवळे, अखेर विटेसारखे लाल होई. आता ग्लुकोमीटरच्या पट्टीला बोटावरील रक्ताचा थेंब लावला की पुरे. पट्टीवरील विकर रक्तातील ग्लुकोजवर क्रिया करते, त्यातून उपजणारा सूक्ष्म विद्युत्प्रवाह यंत्र मोजते आणि काही सेकंदांत आकडा दाखविते. या आकड्यावर आमची मोठी श्रद्धा. (आम्ही कला शाखेचे पदवीधर, गणिताला भिणारी माणसेच आकड्यांना अधिक मानतात!)

गेल्या मे महिन्यातील गोष्ट. भालकीचे ऊन, त्यात वीज गेलेली. अशा वेळी इन्शुलिनची कुपी आम्ही डबीत बंद करून मडक्यात ठेवतो. एकात एक दोन मडकी, मधल्या फटीत ओली वाळू. पाण्याची वाफ होताना उष्णता निघून जाते आणि कुपी वाचते. बीदर-कलबुर्गीकडच्या उन्हाळ्यात हे मडके आम्हांस त्या यंत्राइतकेच मोलाचे वाटते.

मातोश्री नातवंडांसाठी आंबे पिळत होत्या. जेवणापूर्वी साखर तपासावयाची म्हणून पदराला हात पुसून त्यांनी बोट पुढे केले. आकडा आला ३६२! आम्ही वर्गात चढवितो तसा आवाज चढविला. "हांवें खाऊंक ना," एवढेच त्या म्हणाल्या. आम्हांस ते खरे वाटले नाही. डॉक्टरांच्या तक्त्याप्रमाणे वाढीव मात्रा द्यावी म्हणून मडक्यातून कुपी काढली, सिरिंजमध्ये औषध ओढले.

तोच सहावीतली आमची कन्या म्हणाली, "आजीची बोटं बघा ना, किती चिकट आहेत!"

साबणाने हात धुवून, कोरडे करून नव्या पट्टीवर थेंब घेतला. १४६.

आमच्याच हाताला कंप सुटला. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे किशोरवयीन लेनर्ड थॉम्प्सनला हे औषध प्रथम टोचले गेले आणि तो मृत्यूच्या दारातून परतला. तेच औषध त्या खोट्या आकड्याच्या हिशेबाने दिले असते, तर मातोश्रींची साखर भलतीच उतरली असती. घाम, थरथर, मग शुद्धही हरपली असती. त्यापुढचे लिहवत नाही.

जादा औषध टाकून दिले. पाने मांडली. मातोश्री काही बोलल्या नाहीत; आमच्या वाटीत त्यांनी नेहमीसारखाच दोनदा रस वाढला. आमचा घास घशाखाली उतरता उतरेना.