टेबलापलीकडून उलटं दिसणारं काम

पोर्टफोलिओ समोरच्याकडे वळवला की आपलंच काम आपल्याला उलटं दिसू लागतं. महिनाभर मान मोडून केलेलं पोस्टर, उकार वर आणि शिरोरेषा खाली अशा अवस्थेत आपल्यापुढे येतं. मला ही अडचण फार मोलाची वाटते. उलट्या अक्षरांचा अर्थ पटकन लागत नाही. मग दिसतात ते नुसते आकार, त्यांचं वजन, मधल्या मोकळ्या जागा. चित्रकलेचे शिक्षक चित्र उलटं धरून पाहायला सांगतात ते यासाठीच.

या टेबलाच्या दोन्ही बाजूंना मी बसले आहे. अलीकडे बहुधा पाहणाऱ्यांच्या बाजूला. मुलाखतीला येणाऱ्या मुलांचं काम बिहान्स या पोर्टफोलिओच्या वेबसाइटवर आधीच पाहिलेलं असतं. तरीही त्यांनी छापील काम घेऊन ऑफिसात यावं असा माझा आग्रह असतो. पडद्यावर झळाळणारा निळा रंग छपाईच्या चार शायांत मंदावतो. ए-थ्री प्रिंट खिडकीपाशी नेली की मुलाने प्रूफ पाहून रंग सुधारला की फाईल पाठवून तो मोकळा झाला, हे लगेच कळतं. प्लॅस्टिकच्या कव्हरातून मात्र फक्त ट्यूबलाइट दिसते. पानं बाहेर काढून हातात द्यावीत.

जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये कमर्शियल आर्टचा विभाग १९३५ साली सुरू झाला. तेव्हापासून किती पिढ्या मोठाले फोल्डर सांभाळत मुंबईतल्या जाहिरात संस्थांच्या पायऱ्या चढल्या असतील! त्या फोल्डरात काय ठेवायचं याबद्दल माझं मत ठाम आहे. पूर्ण झालेल्या कामाशेजारी टाकून दिलेलं कामही हवं.

एका मुलीने नाटकाचं पोस्टर आणलं होतं. नावाची अक्षरं हाताने काढलेली. माझ्या सहकाऱ्याने विचारलं, “फॉन्ट का नाही वापरलास?” तिने काही न बोलता पहिला कच्चा आराखडा पुढे केला. त्यात नाव ‘मंगल’मध्ये होतं. र. कृ. जोशींनी विंडोजसाठी घडवलेला हा फॉन्ट; मजकूर पडद्यावर नीट वाचता यावा, हे त्याचं काम. “सर, हा वाचायला स्वच्छ आहे,” ती म्हणाली, “पण नाटकातला राग यात येत नव्हता.” मग ट्रेसिंग पेपरचे थर निघाले. एकात काना लांबवलेला, दुसऱ्यात वेलांटी शिरोरेषेवर चढलेली. कमल शेडगे यांच्या अक्षरांवरून वर्तमानपत्रातल्या जाहिरातीतलं नाटक ओळखणारी आपली नजर. त्या नजरेला पटेल असं अक्षर ही मुलगी शोधत होती. पाठ करून आणलेल्या भाषणातून हा शोध आम्हाला कधीच दिसला नसता.

समोरचा पान पाहत असताना गप्प राहणं उमेदवाराला फार जड जातं. पण समोरच्याला पाहू द्यावं. तो कुठे थांबतो, कुठलं पान मागे उलटतो, यातून कुठे बोलायचं ते समजतं.

आणि एक प्रश्न येणारच: “यातलं तुझं काय?” आजचं बरंचसं काम चार-सहा जणांनी मिळून केलेलं असतं, त्यात कमीपणा काहीच नाही. एका मुलाने बँकेच्या ॲपची पानं समोर ठेवून आधीच सांगितलं, “आयकॉन माझे नाहीत, रंगही आधीच ठरलेले होते. मराठी पानांचं स्पेसिंग माझं.” इंग्रजीला पुरणारं ओळींमधलं अंतर मराठीत कमी पडत होतं, वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आदळत होते. अंतर वाढवलं तर बटण पडद्याखाली जायचं. मग त्याने वाक्यंच छोटी करून घेतली, त्यासाठी मजकूर लिहिणाऱ्यांशी भांडला, आणि कुठे त्याला माघार घ्यावी लागली तेही दाखवलं. ठरलेली वेळ संपली तेव्हा आम्ही त्याच पानावर होतो. उरलेला पोर्टफोलिओ पाहायचा राहिला, आणि तो पाहायची गरज मला वाटली नाही.